संसारांतील विनोद : ‘आय लव्ह ल्यूसी’



नवराबायकोची कुरबूर आणि घरांत येणारें लेंकरूं या दोन गोष्टी जितक्या जुन्या, तितकाच त्यांवर रचलेला विनोदहि जुना आहे. आपल्याकडे चिं. वि. जोशी यांनीं चिमणरावांच्या संसारावर सगळा महाराष्ट्र हंसविला. तेच चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुढें मुंबई दूरदर्शनवर दिसूं लागले, तेव्हां ज्याच्या घरीं संच असेल त्याच्या बैठकींत शेजारीपाजारी दाटीवाटीनें बसत. आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’मधील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी हे तर आमच्या पिढीला घरचेच आप्त वाटत. आज मात्र जो संसार मी आपणांपुढें मांडणार आहें, तो सातासमुद्रांपलीकडचा आहे.

अमेरिकेंत १९५१ पासून १९५७ पर्यंत दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेलेल्या ‘आय लव्ह ल्यूसी’ या विनोदी मालिकेची ही हकीकत आहे. हकीकत जुनी खरी. परंतु तींतला प्रश्न अद्याप शिळा झालेला नाहीं. घरांत जें घडतें, पण चारचौघांत बोलूं नये असें मानलें जातें, तें चारचौघांपुढें हंसत दाखवावें कीं नाहीं? आणि दाखविलें, तर दाखविणाऱ्यांच्या स्वतःच्या संसाराचें काय होतें?

प्रथम माणसांची ओळख करून घेऊं. ल्युसिल बॉल ही नटी न्यूयॉर्क राज्यांतील जेम्सटाउन या गांवीं १९११ सालीं जन्मली. चित्रपटांत तिनें पुष्कळ वर्षें काढलीं, पण पहिल्या रांगेंत तिला जागा मिळाली नाहीं. तिचा पति डेझी आर्नाझ हा क्यूबांतील सांतियागो शहरचा. १९३३ च्या क्रांतींत त्याच्या कुटुंबाचें ऐश्वर्य गेलें आणि तो किशोरवयांतच अमेरिकेंत आला. गाण्याबजावण्यावर त्यानें पोट भरलें आणि पुढें स्वतःचा वाद्यवृंद उभारला. १९४० सालीं दोघांचा विवाह झाला. तो वाद्यवृंदासह गांवोगांव हिंडणारा आणि ती हॉलिवूडमध्यें गुंतलेली. त्यामुळें एका छपराखालीं राहणें त्यांच्या वांट्यास थोडेंच आलें. १९४४ सालीं प्रकरण घटस्फोटाच्या अर्जापर्यंत गेलें होतें. पण दोघें पुन्हां एकत्र आलीं.

१९४८ पासून ल्युसिल रेडिओवर ‘माय फेव्हरिट हजबंड’ नांवाच्या कौटुंबिक विनोदी मालिकेंत काम करीत होती. तिचें यश पाहून सी. बी. एस. कंपनीनें तसलाच कार्यक्रम दूरचित्रवाणीसाठीं मागितला. ल्युसिलनें अट घातली कीं, पडद्यावरील नवरा म्हणून माझा खरा नवराच असला पाहिजे. अधिकारी बिचकले. गोऱ्या अमेरिकन स्त्रीचा पति स्पॅनिश वळणाचें इंग्रजी बोलणारा क्यूबन, हें प्रेक्षकांस पटणार नाहीं असें त्यांस वाटे. तेव्हां १९५० सालीं हीं पतिपत्नी नाट्यगृहांतून विनोदी प्रवेश करीत गांवोगांव फिरलीं आणि लोकांनीं त्यांस डोक्यावर घेतलें. अधिकाऱ्यांस जें अशक्य वाटलें, तें तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसांस मुळींच खटकलें नाहीं. लोकांना काय पटणार नाहीं हें लोकांना न विचारतांच ठरविण्याची खोड सर्व देशांतील वरिष्ठांस सारखीच असते.

मालिकेचा पहिला भाग १५ ऑक्टोबर १९५१ रोजीं, सोमवारीं रात्रीं दाखविला गेला. रिकी रिकार्डो हा न्यूयॉर्कमधील एका क्लबांत गाणारा क्यूबन. ल्यूसी ही त्याची बायको. त्याच इमारतींत राहणारे फ्रेड आणि एथेल मर्ट्झ हे त्यांचे घरमालक आणि जिवलग मित्र. घरमालक व भाडेकरू यांच्यांत इतका जिव्हाळा असूं शकतो, हें मुंबईपुण्याच्या श्रोत्यांस बाकीच्या सर्व कथेपेक्षां अधिक काल्पनिक वाटेल!

विनोद कोणत्या जातीचा होता तें एका भागावरून सांगतों. सप्टेंबर १९५२ मधील हा भाग. पैसा मिळविणें अधिक कठीण कीं घर चालविणें अधिक कठीण, यावर नवराबायकोंची जुंपते आणि शेवटीं कामांची अदलाबदल करण्याचें ठरतें. ल्यूसी व एथेल मिठाईच्या कारखान्यांत लागतात. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेटें येतात. प्रत्येक कागदांत गुंडाळावयाचें, आणि एकहि तसेंच पुढें गेलें तर नोकरी गेलीच. पट्ट्याची गति वाढते. दोघी बिचाऱ्या उरलेलीं चॉकलेटें तोंडांत कोंबतात, टोपींत लपवितात, पोलक्यांत टाकतात. देखरेख करणारी बाई येते, पाहते कीं एकहि सुटलेलें नाहीं, आणि खूष होऊन पट्टा आणखी वेगानें सोडण्याचा हुकूम देते. तिकडे घरीं रिकीनें चार माणसांच्या भातास माणशीं एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा किलो, तांदूळ घातलेला असतो! भात भांड्यांतून उतूं जाऊन चुलीवरून खालीं लोटूं लागतो. ज्या घरांत माणशीं मूठभर तांदुळाचें माप लेंकीला लहानपणींच शिकवितात, त्या घरांत हा प्रसंग समजावून सांगण्यास दुभाष्या नको. सायंकाळीं दमलेले पुरुष हार कबूल करतात आणि बायकांना भेट देतात ती नेमकी चॉकलेटांचीच.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या भागांत फजिती दोन्ही पक्षांची होते. एकाच पक्षाला हंसणारा विनोद घरांत फार दिवस टिकत नाहीं. त्याचें लवकरच टोमण्यांत रूपांतर होतें.

मालिका तयार करण्याची पद्धतिहि सांगण्यासारखी आहे. त्या काळीं बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होत, आणि दूरच्या शहरांस पडद्यावरून टिपलेली अंधुक प्रत पाहावी लागे. या दांपत्याला हॉलिवूडमधील घर सोडावयाचें नव्हतें. पूर्वेकडील प्रेक्षकांस अंधुक चित्र दाखविण्यास सिगारेट विकणारी आश्रयदाती कंपनी तयार नव्हती. म्हणून सुमारें तीनशें प्रेक्षक समोर बसवून, एकाच वेळीं तीन कॅमेऱ्यांनीं, चित्रपटाच्या फितीवर प्रयोग टिपण्याचें ठरलें. प्रकाशयोजनेची जबाबदारी कार्ल फ्रॉइंड या जर्मनींतून आलेल्या विख्यात छायालेखकानें घेतली. खर्च वाढला, तेव्हां दोघांनीं कमी वेतन पत्करलें आणि मोबदल्यांत चित्रफितींची मालकी मागून घेतली. एकदां दाखविलेला कार्यक्रम पुन्हां कोण पाहणार, अशी तेव्हांची समजूत. पुढें त्याच चित्रफिती जगभर पुनःपुन्हां दाखविल्या गेल्या. आज नातवंडें आजीच्या मांडीवर बसून जी ल्यूसी पाहतात, ती या दूरदृष्टीमुळें.

आतां मुख्य प्रसंगाकडे येतों. १९५२ सालीं ल्युसिलला पुन्हां दिवस राहिले. पहिली कन्या मालिका सुरू होण्यापूर्वीं तीनच महिने, विवाहाला दहा वर्षें उलटल्यावर, झाली होती. त्याआधीं या जोडप्यानें गर्भपाताचें दुःख सोसलें होतें. आतां मालिका बंद करावी लागेल अशी डेझीला भीति वाटली. परंतु निर्माते व प्रमुख लेखक जेस ओपनहायमर यांनीं वेगळाच मार्ग सुचविला. ल्युसिल गरोदर आहे, तर पडद्यावरची ल्यूसीहि गरोदर असावी. हें अगदींच पहिलें उदाहरण नव्हतें; १९४८ मध्यें ‘मेरी के अँड जॉनी’ या छोट्या मालिकेंत अशाच खऱ्या दांपत्याचें बाळंतपण कथेंत आलें होतें. पण त्या वेळीं घरोघरीं संच नव्हते. आतां मात्र सारा देश पाहणार होता.

सी. बी. एस. कंपनी आणि आश्रयदाते यांना हें रुचेना. गर्भवती स्त्री बैठकीच्या खोलींत, मुलाबाळांदेखत दाखवावयाची कशी? तिला खुर्चीटेबलांआड उभी करावी, अशाहि सूचना आल्या. डेझीनें आश्रयदात्या कंपनीच्या प्रमुखालाच पत्र लिहिलें, आणि त्यानें आपल्या माणसांस ढवळाढवळ न करण्याची ताकीद दिल्यावर वाट मोकळी झाली. तरीहि ‘गरोदर’ या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द उच्चारावयाचा नाहीं, ही अट राहिलीच. त्याऐवजीं ‘वाट पाहत आहे’ अशा अर्थाचा सौम्य शब्द योजला गेला, आणि त्या भागाच्या नांवांत फ्रेंच शब्द घालण्यांत आला. शिवाय प्रत्येक संहिता एक कॅथॉलिक धर्मगुरु, एक प्रॉटेस्टंट धर्मगुरु आणि एक ज्यू धर्मगुरु यांच्याकडून तपासून घेण्यांत आली. तिघांनाहि आक्षेपार्ह असें कांहीं आढळलें नाहीं. मूल होण्याच्या वार्तेंत त्यांना पाप दिसलें नाहीं. भय होतें तें कचेरींतील व्यवहारी माणसांस.

या शब्दाच्या भीतीला आपण हंसूं नये. आपली रीति जरा निराळी आहे एवढेंच. आपल्याकडे डोहाळजेवण वाजतगाजत होतें, गर्भिणीला फुलांच्या वाडींत, झोपाळ्यावर, नावेंत बसवितात, ओटी भरतात. पण हा सोहळा बायकांचा. वडील माणसांसमोर शब्द निघतो तो ‘तिला दिवस गेले आहेत’ एवढाच, आणि तोहि हळू आवाजांत. होणारा बाप तर या सर्व प्रकारांत आपला कांहीं संबंधच नसल्यासारखा वर्तमानपत्रांत डोकें खुपसून बसावयाचा! ल्यूसीच्या कथेचें वैशिष्ट्य मला येथें दिसतें. तींत बापालाहि डोहाळे लागतात, बापहि घाबरतो, बापाच्याहि डोळ्यांत पाणी येतें.

८ डिसेंबर १९५२ रोजीं दाखविलेल्या भागांत ल्यूसी ही गोड बातमी नवऱ्याला सांगूं पाहते. पण दिवसभर कांहींना कांहीं विघ्न येतें. शेवटीं ती त्याच्या क्लबांत जाते आणि एक निनावी चिठ्ठी पाठविते कीं, येथें एका स्त्रीला आपल्या पतीला बाळाची वार्ता सांगावयाची आहे, त्यांच्यासाठीं एक गाणें म्हणावें. रिकी ती चिठ्ठी वाचतो आणि तें भाग्यवान जोडपें शोधीत टेबलाटेबलावरून अंगाईगीत गात फिरतो. एका टेबलाशीं त्याला आपलीच बायको दिसते. तो थबकतो, ती मान हलविते. हा प्रवेश टिपतांना त्या दोघांस आपला खरा भूतकाळ आठवला असावा, कारण दोघांचेहि डोळे भरून आले आणि गाणें अडखळलें. पुन्हां एकदां नीटनेटका प्रयोग टिपण्यांत आला, पण दाखविला गेला तो पहिलाच, अडखळलेला. विनोदी मालिकेंतील हा भाग सर्वांत अधिक स्मरणांत राहिला आहे, आणि त्याच्या परमोच्च क्षणीं विनोद मुळींच नाहीं.

नंतर प्रसूतीचा भाग. घाई होऊं नये म्हणून रिकी, फ्रेड आणि एथेल यांनीं रुग्णालयांत जाण्याची रीतसर तालीम केलेली असते. डॉक्टरांना फोन कोणी करावयाचा, पेटी कोणी घ्यावयाची, टॅक्सी कोणी बोलवावयाची, सर्व ठरलेलें. प्रत्यक्ष वेळ येतांच तिघांची त्रेधा उडते आणि पेटीसकट सर्वजण धांवत सुटतात. ल्यूसी मात्र मागेंच राहते! हा भाग १९ जानेवारी १९५३ रोजीं रात्रीं दाखविला गेला, आणि त्याच दिवशीं सकाळीं ल्युसिलनें शस्त्रक्रियेनें खऱ्याच पुत्राला जन्म दिला. सुमारें ४ कोटी ४० लक्ष लोकांनीं तो भाग पाहिला; दूरचित्रवाणी असलेल्या दर शंभर घरांपैकीं सुमारें बहात्तर घरांत तो चालूं होता. दुसऱ्या दिवशीं राष्ट्राध्यक्ष आयसेनहोवर यांचा शपथविधि झाला. तो सुमारें २ कोटी ९० लक्ष लोकांनीं पाहिला. राज्यारोहणापेक्षां बारशाला गर्दी अधिक झाली!

चाहत्यांनीं पत्रांचा, तारांचा व भेटींचा पाऊस पाडला. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें ‘टी. व्ही. गाइड’ हें साप्ताहिक देशभर निघूं लागलें, तेव्हां पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हेंच बाळ झळकलें. शिकागोंतील मार्शल फील्ड या मोठ्या दुकानानें तर आपली सोमवार सायंकाळची खास विक्री दुसऱ्या वारीं नेली, कारण सोमवारीं गिऱ्हाईक घराबाहेर पडेना.

चाहत्यांची खरी परीक्षा १९५३ च्या सप्टेंबरांत झाली. ल्युसिलनें १९३६ सालीं मतदार म्हणून साम्यवादी पक्षाच्या नांवें नोंद केली होती, ही बातमी फुटली. त्या दिवसांत अशा एका नोंदीनें अनेक कलावंतांचें अन्न तुटलें होतें. म्हाताऱ्या आजोबांच्या समाधानासाठीं आपण तसें केलें, असें तिनें सांगितलें. पुढच्या प्रयोगापूर्वीं डेझीनें प्रेक्षकांसमोर उभें राहून सर्व हकीकत निवेदन केली, आणि प्रेक्षकांनीं टाळ्यांच्या गजरांत तिचें स्वागत केलें. दोन वर्षें दर सोमवारीं जी बाई घरांत येऊन गेली, तिच्याविषयीं लोकांनीं स्वतःच्या अनुभवावरून मत बनविलें, बातमीवरून नव्हे.

चाहत्यांचें प्रेम डोळसहि असतें. रिकार्डो यांचा पत्ता मालिकेंत पूर्व ६८ वा रस्ता, घर क्रमांक ६२३ असा सांगितला आहे. चाहत्यांनीं हिशेब करून दाखविलें कीं, तें घर ईस्ट नदीच्या पात्रांत पडेल! जेम्सटाउननजीक सेलोरॉन येथें २००९ सालीं ल्युसिलचा पुतळा उभारला गेला. त्याचा चेहरा इतका भयंकर वठला कीं, चाहत्यांनीं चळवळ करून २०१६ सालीं, तिच्या जन्मदिनीं, तेथें दुसरा सुंदर पुतळा बसवून घेतला.

आतां थोडें विरुद्ध बाजूनेंहि बोललें पाहिजे. कांहीं भागांत रिकी बायकोला मांडीवर आडवी घालून चापट्या मारतो आणि प्रेक्षक हंसतात. मी मास्तर, छडी आणि सुधारणा यांचा संबंध किती थोडा असतो तें जवळून पाहिलेलें आहे. हा विनोद मला तरी गोड लागत नाहीं. दुसरें असें कीं, ल्यूसीला रंगभूमीवर यावयाचें असतें, आणि नवरा तिला घरींच बसवूं पाहतो. दर वेळीं ती पडते, दर वेळीं घरीं परतते. गंमत अशी कीं, ही हरणारी गृहिणी जी रंगवीत होती, ती स्त्री प्रत्यक्षांत नवऱ्याबरोबरीनें ‘डेझिलू’ कंपनीची मालकीण होती, आणि १९६२ सालीं नवऱ्याचा हिस्सा विकत घेऊन ती त्या मोठ्या चित्रसंस्थेची प्रमुख झाली. पडद्यावरील ल्यूसीला जें कधीं साधलें नाहीं, तें ल्युसिलनें साधलें.

परंतु पडद्यावरील ल्यूसीला जें साधलें, तें ल्युसिलला साधलें नाहीं. डेझीचें मद्य, परस्त्रिया आणि कामाचा प्रचंड बोजा यांनीं तो संसार पोखरला. २ मार्च १९६० रोजीं त्यांनीं रिकी आणि ल्यूसी म्हणून अखेरचें काम केलें. कथेप्रमाणें त्यांत शेवटीं दोघांचा समेट होतो आणि चुंबन होतें. दुसऱ्याच दिवशीं ल्युसिलनें घटस्फोटाचा अर्ज दाखल केला.

मग लक्षावधि चाहत्यांनीं प्रेम केलें तें एका खोट्या गोष्टीवर काय? मला तसें वाटत नाहीं. घरोघरीं मातीच्या चुली हें चाहत्यांस ठाऊकच होतें. त्यांनीं जें पाहिलें तें त्या दोघांचें खाजगी चरित्र नव्हतें. भांडण झालें तरी रात्रीपर्यंत बोलणें सुरू होतें, चूक झाली तरी दार उघडें राहतें, ही रीत त्यांनीं पाहिली. ती रीत खरी आहे. ती शिकविणाऱ्यास ती आयुष्यभर पाळतां आली नाहीं, म्हणून ती खोटी ठरत नाहीं. शिवाय त्या दोघांमधील स्नेह तुटला नाहीं. दोघांनीं पुन्हां वेगळे विवाह केले, तरी १९८६ सालीं डेझीच्या मृत्यूपर्यंत एकमेकांची विचारपूस चालूं होती. ल्युसिल १९८९ सालीं वारली.

तथापि त्यांनीं दिलेली किंमतहि विसरतां येत नाहीं. ज्या दोघांनीं आपलें खरें बाळंतपण देशाला हंसावयास दिलें, त्यांना पडद्यामागें रडावयास कोपरा राहिला नाहीं. त्यांच्या मुलाला तर जन्मापासून लोक पडद्यावरच्या मुलाच्या नांवानें ओळखूं लागले. आज ज्याच्या त्याच्या हातांत चित्र टिपणारें यंत्र आहे, आणि तान्ह्या मुलाच्या गमती जगापुढें मांडणारे आईबाप कांहीं थोडे नाहींत. त्यांनीं ही हकीकत जरूर ध्यानांत ठेवावी. आपली फजिती लोकांस सांगण्याचा अधिकार आपला आहे. मुलाची फजिती सांगण्यापूर्वीं तें मोठें झाल्यावर काय म्हणेल याचा विचार करावा.

पालकांशीं बोलतांना मला पुष्कळदां असें दिसून आलें कीं, ज्या घरांत आईबाप स्वतःला हंसूं शकतात, त्या घरांतील मूल चुकलें तरी खोटें बोलत नाहीं. भात उतूं गेला तर तो पुसतां येतो; तो कोणी उतूं घालविला यावर जें उतूं जातें, तें पुसणें कठीण. ल्यूसी आणि रिकी दर सोमवारीं भात सांडीत आणि मिळून पुसत. तेवढें आपण घ्यावें, आणि चापट्या तेथेंच सोडून द्याव्या.